एस्तेरबाई आणि न जन्मलेल्या बायका

तपासणीच्या गाडीत एस्तेरबाई भिंगारदिवे यांचा चेहरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच असायचा. समोरच्या पडद्यावर बाईच्या छातीचा फोटो उमटायचा, मी मागून डोकावायची, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला काही म्हणता काही कळायचं नाही. आधी वाटलं, तीस वर्षं हेच काम करून त्या कोरड्या झाल्या असतील. मग एकदा त्यांनीच सांगितलं.

"बाया फोटोकडे बघत नाहीत, शुभांगी. त्या आपल्या तोंडाकडे बघतात. डॉक्टरनं सांगायच्या आधी त्यांना तिथं वाचायचं असतं. म्हणून तिथं काही लिहून ठेवायचं नाही."

नगरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलची ती गाडी. एका बसमध्ये मॅमोग्राफीचं मशीन बसवलेलं. गावोगाव जायचं, चाळिशीपुढच्या बायकांच्या छातीचे फोटो काढायचे, कुठे गाठ धरतेय का ते बघायचं. एस्तेरबाई टेक्निशियन, मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ. मी नाव लिहून घ्यायची, गाऊन द्यायची, आणि त्यांचं बघून बघून काम शिकायची.

बाईंच्या काही सवयी होत्या. मशीनची प्लेट थंडगार असते, म्हणून दोन बायकांच्या मधल्या वेळात त्या तिच्यावर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या. चहा बिनसाखरेचा, स्टीलच्या पेल्यात. छातीला पावडर लावून आलेल्या बाईला न रागावता ओला कपडा द्यायच्या, कारण पावडरीचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन दिसतात आणि उगाच घोर लावतात. आणि कॅन्सर हा शब्द त्या उच्चारत नसत. 'ते' म्हणायच्या. "ते असलं तर कडेला असं ओढल्यासारखं दिसतं." मला वाटायचं, बायकांनी घाबरू नये म्हणून असेल. पण गाडीत आम्ही दोघीच असलो तरीही त्या 'ते'च म्हणायच्या.

माझ्या गावाला, मिरजगावला, गाडी गेली तेव्हाची गोष्ट. शाळेच्या पटांगणात पन्नासेक बायका जमल्या होत्या, त्यात माझी चुलतीही. पहिलीच बाई गाऊन घालून आत गेली आणि तशीच बाहेर आली. गळ्यातलं काढायला सांगतात, म्हणाली. मालक घरी धडधाकट असताना मी गळ्यातलं काढणार न्हाई. तिचं ऐकून रांगेतल्या चार जणी उठून घराकडे निघाल्या. मी लाजेनं अर्धी झाले, माझंच गाव.

खरं तर तिला तसं मीच सांगितलं होतं. मशीनमध्ये मणी आले तर फोटो खराब होतो, एवढंच मला ठाऊक. एस्तेरबाई खाली उतरल्या. हातात चिकटपट्टीचं रीळ.

"कुणी काही काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "मागं टाकायचं. मी पाठीवर चिकटवते. गळ्यातलं गळ्यातच राहील."

त्यांनी माझ्या चुलतीला पुढे घेतलं, मंगळसूत्र मागे पाठीवर वळवलं आणि दोन पट्ट्या लावल्या. चुलतीनं मागे हात नेऊन चाचपलं.

"दुखतंय का वो लई?" तिनं विचारलं.

"दाबल्यासारखं होतं. मोजून दहा आकडे. घाबरा, माझी काही हरकत नाही. फक्त हलू नका, आणि खांदा सैल सोडा."

त्या दिवशी निघालेल्या चारीजणी परत आल्या. आणि त्या दिवसानंतर मंगळसूत्राचं सांगायला मी बाईंच्या आधी कधी तोंड उघडलं नाही.

'खांदा सैल सोडा' हे वाक्य बाई दिवसातून शंभरदा म्हणायच्या. घाबरलेली बाई खांदा कानाकडे ओढते. मग काखेजवळचा स्नायू आखडतो, फोटोत तो चिंचोळा दिसतो आणि त्याच्या मागचा भाग नीट येतच नाही. बाई पडद्यावर बोट ठेवून मला दाखवायच्या, "ही बघ, ही पहिल्यांदाच आलीय. हिला इथं भीती बसलीय." मला तिथे करड्या रंगाचा पट्टा दिसायचा. त्यांना तिथे माणूस दिसायचं.

हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये. गाडीवर एक नवीन कॉम्प्युटर प्रोग्रॅम बसवायचा होता. फोटो निघाला की तो लगेच बघणार आणि रंग दाखवणार. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे परत बघा, लाल म्हणजे तातडीनं डॉक्टरकडे. डॉक्टर एकच आणि फोटो हजारो, म्हणून लाल आधी बघायचे आणि हिरवे सावकाश. त्याच्या प्रशिक्षणासाठी पुण्याहून कंपनीच्या एक मॅडम आल्या होत्या. केस पिकायला लागलेले, बोलणं साधं. त्यांनी चाळीस फोटो दाखवले आणि सांगितलं, यातले काही खऱ्या बायकांचे आहेत आणि काही कॉम्प्युटरनं तयार केलेले. ओळखा.

"तयार केलेले म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अशी बाईच नाही," मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटरनं हजारो खरे फोटो बघितले आणि त्यावरून हे नवीन काढले. सुरुवातीच्या आजाराचे खरे फोटो फार थोडे मिळतात, आणि पेशंटचे फोटो असे कुणालाही देता येत नाहीत. म्हणून प्रोग्रॅमला शिकवायला हे वापरतो."

आम्ही सगळ्यांनी कागदावर खुणा केल्या. डॉक्टरांचे निम्मे चुकले. माझे त्याहून जास्त. एस्तेरबाईंचे दोन सोडून सगळे बरोबर आले. मॅडमनी दोनदा तपासले. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "कसं ओळखलंत, सांगाल?"

बाईंना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "यातल्या काही बायका घाबरलेल्याच नाहीत. सगळ्यांचा खांदा सैल. एवढ्या बायका एकदम निवांत उभ्या राहिलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. म्हणून म्हटलं, या जन्मलेल्याच नसणार."

कुणी हसलं नाही. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. जाता जाता बाईंनी एका फोटोवर बोट ठेवलं, त्यात तांदळाएवढा पांढरा डाग होता.

"हे कुणाला झालं?"

"कुणालाच नाही. कॉम्प्युटरनं काढलंय."

"मग पुढं ते वाढत जाऊन कसं दिसतं, हे कॉम्प्युटरला कसं कळणार?"

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

चार महिन्यांनी त्या परत आल्या, नवे चाळीस फोटो घेऊन. या वेळी एस्तेरबाई प्रत्येक फोटोपाशी थांबत होत्या, चष्मा काढत होत्या, पुसत होत्या. निकाल आला तेव्हा त्यांचे निम्मे चुकले होते. डॉक्टरांचे जेवढे, तेवढेच. बाईंनी सांगितलं होतं ते कॉम्प्युटरला शिकवलं गेलं होतं. आखडलेला खांदा, किंचित हललेली कड, घाईत पडलेली कातडीची घडी, सगळं आता त्यात होतं.

दुपारी डबा उघडून त्या तशाच बसल्या. मी म्हटलं, "बाई, जेवा ना."

"मी सांगितलं, आणि त्यांनी तसं काढलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता घाबरलेली बाईसुद्धा बनवता येते. मग मला काय दिसतं म्हणायचं?"

त्यांनी न जेवताच डब्याला झाकण लावलं.

प्रोग्रॅम गाडीवर बसला. पहिले काही महिने काही झालं नाही. तो लाल दाखवायचा तिथे बाईंनाही शंका असायची, तो हिरवा दाखवायचा तिथे त्यांनाही ठीक वाटायचं. मग पावसाळा संपता संपता आम्ही राजूरला गेलो. बाजाराचा दिवस धरून गेलो होतो, म्हणजे डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका तशाही खाली येतात. त्यात हिराबाई होती. पन्नाशीची, काटक, पायात चिखल.

"मला काय झालं न्हाई," ती आत येतानाच म्हणाली. "आशाताई म्हनली म्हनून आले. लवकर करा, भात कापायचा ऱ्हायलाय."

फोटो निघाले. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं आलं. मी पुढचं नाव पुकारायला निघाले तर बाईंनी माझा हात धरला. डाव्या बाजूच्या फोटोत एका जागी कातडी आत ओढल्यासारखी दिसत होती. अगदी थोडी. बाईंचा चेहरा तोच होता, पण हात सोडत नव्हत्या.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. प्रोग्रॅम हिरवं म्हणतोय, मला तसं वाटत नाही, म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला शंका आहे ना, मग बोलवा तिला नगरला. सोनोग्राफी करू, लागलं तर सुईनं तुकडा काढू.

हिराबाई दोनदा नगरला आली. राजूरहून पहाटेची एसटी, दिवसभर हॉस्पिटलातला बाक. पहिल्या खेपेला सोनोग्राफी झाली, दुसऱ्या खेपेला तुकडा काढला, आणि मग रिपोर्टची वाट. सगळे मिळून तीन आठवडे. मधल्या काळात तिच्या वाडीवरच्या आशाताईचा फोन यायचा, की हिराबाई जेवत नाही, शेतात जात नाही, नाकातली नथ मोठ्या सुनेला देऊन टाकली. एस्तेरबाई तो फोन गाडीच्या बाहेर जाऊन घ्यायच्या. एकदा आत येऊन म्हणाल्या, "रिपोर्ट खराब यावा असं मनात आलं माझ्या. म्हणजे मी बरोबर ठरेन. देवा, असं कसं आलं."

रिपोर्ट चांगला आला. धाकट्या मुलाच्या वेळी, दूध पाजत असताना, हिराबाईला गळू झालं होतं. गावातल्या कुणीतरी ते फोडलं होतं. त्याचा जुना वण आतून ओढत होता, बस. प्रोग्रॅम बरोबर होता.

रिपोर्ट सांगायला बाई स्वतः तिच्या बाकाजवळ गेल्या. मी मागे उभी. मला वाटलं, हिराबाई रडेल, पाया पडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे काय न्हाईच हुतं."

"नाही. चांगली बातमी आहे."

"तीन आठवडे मी मेल्यावानी हुते. घरात कुनी मोठ्यानं बोलत न्हवतं." तिनं पिशवी उचलली. "बाई, तुमी कधी उभ्या ऱ्हायल्या का त्या मशीनम्होरं? तुमची झालीय का तपासनी?"

एस्तेरबाईंनी रिपोर्टची घडी घालून तिच्या हातात दिली. ती घेऊन हिराबाई फाटकाकडे चालू लागली. एसटीची वेळ झाली होती.

संध्याकाळी मी सहज विचारलं, "बाई, तुमची तपासणी दरवर्षी होते ना?"

"होते की," त्या म्हणाल्या आणि टॉवेलाची घडी घालत राहिल्या.

ते खोटं होतं. पुढे त्यांच्या भावजयीनं, मार्थावहिनींनी, मला सांगितलं. एस्तेरबाईंनी लग्न केलं नव्हतं, भाऊ गेल्यावर त्या नि वहिनी दोघीच चर्चमागच्या वस्तीत राहायच्या. बाईंची आई याच आजारानं गेली होती. तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. आईची जखम धुवायची, कापड बदलायचं, हे दीड वर्ष त्यांनी एकटीनं केलं होतं. आईनं आधी कुणाला दाखवलंच नव्हतं. म्हणून या कामात आल्या, वहिनी म्हणाल्या, आणि म्हणूनच स्वतः कधी मशीनसमोर गेल्या नाहीत. हॉस्पिटलच्या स्टाफच्या तपासणीच्या रजिस्टरमध्ये त्या दर वर्षी स्वतःच्या नावापुढे स्वतःच्याच हातानं 'नॉर्मल' लिहायच्या.

हिराबाईनंतर महिनाभरानं आम्ही नागापूरला होतो, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या बायकांसाठी. पाळी बदलायची वेळ, म्हणून दुपारी पाऊण तास गाडी रिकामी होती. मी डबा काढला. एस्तेरबाईंनी पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला.

"शुभांगी, एक गाऊन दे. आणि पडदा ओढ."

मला काही सुचेना. त्या मशीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं त्या जिथे उभ्या राहायच्या तिथे आता मी होते. त्यांची कातडी गार पडली होती. मी त्यांना प्लेटवर घेतलं आणि दिसलं की खांदा पार कानाला टेकलाय.

"बाई, खांदा सैल सोडा."

"सोडलाय."

"सोडला नाही."

त्यांनी मान हलवली. खांदा खाली येत नव्हता. त्या प्रयत्न करत होत्या हे मला दिसत होतं, ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोरच्या पत्र्यावर. पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्या वेळी मी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि खांदा दाबूनच धरला, शेवटच्या क्षणी सोडून बटणाकडे पळाले. तो आला. दुसऱ्या बाजूचेही आले.

उजव्या बाजूच्या फोटोत, वर काखेकडे, एक पांढरी गाठ होती. कडेनं बारीक तंतू निघालेले. मला प्रोग्रॅमची गरज नव्हती. तरी त्यानं मिनिटभरात कोपऱ्यात लाल दाखवलंच.

मी पडद्याकडे बघत राहिले, मागे वळायचं धाडस होईना.

"रंग कुठला?"

"डॉक्टर बघतील," मी म्हणाले.

वळून बघितलं तर त्या गाऊन छातीशी धरून उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या तोंडावर सगळं होतं. मला ते पुसता येईना.

"हिराबाईच्या वेळी प्रोग्रॅम बरोबर होता," त्या म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या. "एकदा चुकू दे त्याला. एकदाच."

बाहेर पुढच्या पाळीच्या बायका येऊन थांबल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. दहा मिनिटांनी एस्तेरबाईंनी कोट घातला आणि त्या दिवसाचे उरलेले सगळे फोटो त्यांनीच काढले. मला काढू दिले नाहीत.

प्रोग्रॅम चुकला नव्हता. तुकडा काढला, रिपोर्ट आला, ऑपरेशन झालं, मग सलाइनमधली औषधं. केस गेले. मी दर रविवारी जायची. त्या खाटेवर बसलेल्या असायच्या आणि मला नेमकं विचारायच्या, कुठल्या गावाला गेलतीस, किती बाया आल्या, प्लेट गरम करतेस का. स्वतःबद्दल विचारलं की वहिनींकडे बघायच्या. वहिनी सांगायच्या, रात्री झोप नाही, डोळे मिटले की आईचं अंथरूण दिसतं म्हणतात. गाठ दोन वर्षं आधी सापडली असती तर औषधं इतकी लागली नसती, हे डॉक्टर एकदा बोलून गेले होते. ते वाक्य बाईंनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तशाच्या तशा शब्दांत.

त्याच दिवसांत पुण्याच्या त्या मॅडम त्यांना भेटायला घरी आल्या. सोबत एक फॉर्म होता. बाईंचे फोटो कॉम्प्युटरला शिकवायला वापरायची परवानगी हवी होती. नाव कुठेही जाणार नाही, म्हणाल्या. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही, मी भेटायलाच आलेय, असंही म्हणाल्या.

बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. "माझ्यावरून पुढं तो किती बाया काढील?"

"सांगता येत नाही. पुष्कळ."

"त्यांच्यातल्या कुणाला दुखणार नाही ना?"

"नाही, बाई."

त्यांनी सही केली. इंग्रजीत करायच्या, त्या दिवशी मराठीत केली, पूर्ण नाव लिहून.

औषधं संपली, केस परत आले, आधीपेक्षा पांढरे. कामावर मात्र त्या परत आल्या नाहीत. हॉस्पिटलनं बोलावलं होतं. वहिनी म्हणाल्या, फाटकापर्यंत गेल्या होत्या एकदा, तिथूनच रिक्षा वळवायला सांगितली. आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात. तारखेच्या आधी आठ दिवस घरात रेडिओसुद्धा लावत नाहीत.

माझी बदली गाडीवरून हॉस्पिटलातल्या मशीनवर झाली. मागच्या हिवाळ्यातला त्यांचा रिपोर्ट चांगला आला, ते मला संध्याकाळी वहिनींच्या फोनवरून कळलं. त्या दिवशी त्यांचे फोटो मी काढले नाहीत. मी नको, असं त्यांनीच आधी कळवलं होतं, आणि मला ते समजलं होतं. सकाळी त्या आल्या तेव्हा मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत होते.

फाटकाशी रिक्षा थांबली. एस्तेरबाई उतरल्या, आणि त्यांच्यामागून त्यांच्या वस्तीतल्या दोन बायका. एक बरीच म्हातारी, एक पंचेचाळिशीची. तपासणीला पहिल्यांदाच आलेल्या दिसत होत्या, इमारतीकडे मान वर करून बघत होत्या. धाकटी म्हणत असावी की परत जाऊ, कारण ती रिक्षाकडे वळली. बाई तिच्याशी काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. बोलताना त्यांचा स्वतःचा हात फाटकाच्या गजावर होता आणि तो गज त्यांनी सोडला नव्हता.

मग म्हातारीनं एका बाजूनं त्यांच्या दंडाला धरलं. धाकटीनं दुसऱ्या बाजूनं. त्यांनी गज सोडला. तिघी पायऱ्यांपर्यंत आल्या, थांबल्या, पुन्हा चालू लागल्या. कोण कुणाला धरून आणतंय ते वरून कळत नव्हतं. दाराशी कुणी आधी आत जायचं यावरून थोडं थांबणं झालं, आणि मग तिघी एकदमच आत शिरल्या.